आवाज पोचायच्या आधी

"ज्ञानूऽऽ... ए ज्ञानूऽऽ..."

ही हाळी त्याच्या कानांत कुठंतरी अजून रुतून बसली होती, वहाणेत कुसळ बसावं तशी. पाचसहा वर्षांचा असेल तो तेव्हा. माळाच्या या टोकाला कोकरांपाशी तो, आणि पार त्या टोकाला, जिथं माळ संपून आभाळ लागतं तिथं, आबा. आबांचा पटका आधी मागं कलायचा, हात तोंडाशी जायचा, तोंड उघडायचं, मिटायचंही, आणि सगळं उरकल्यावर मग हाळी यायची. पोराला याची मोठी मौज वाटायची. त्याला वाटे, आबा हाळी मारत नाहीत, कळपातलं कोकरू सोडावं तशी सोडतात, आणि ती आपली वाटेत हुंगत, बाभळीखाली थबकत, स्वतःच्या पायांनी चालत आपल्यापाशी येते. त्याची आई मायाक्का जात्यावर बसली की म्हणायची:

लांब माळाला मेंढका, आदी दिसतो पटका
मागनं येतिया हाळी, जिवा लाविते चटका

पण हाळी आली म्हणून लगेच ओ द्यायची नाही. हे आबांनीच शिकवलेलं. माळावर हाक एकदाच आली तर ती कुणाची असेल सांगता येत नाही. जे मरून गेलंय ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा, तिसऱ्यांदा मारायचा दम त्याच्यात उरत नाही. जित्या माणसाची हाक तीनदा येते. म्हणून पहिली सोडायची, दुसरी सोडायची, तिसरीला ओ द्यायची. त्या दोन हाका सोडून देताना छाती कशी भात्यासारखी हलायची, आणि तिसरी आली की अंगातून ऊन गेल्यासारखं वाटायचं, ते ज्ञानूला आताही आठवत होतं. आता म्हणजे सोलापुरात, शुक्रवार पेठेत, खानावळवाल्या दानम्माच्या घराच्या वरच्या खोलीत, मांडीवर पाटी घेऊन, कलत्या दुपारी, पाटीवरच्या उत्तराकडं बघता बघता.

उत्तर चुकलं होतं. तसं पाहिलं तर उदाहरण अगदी साधं. ईश्वरप्पा मास्तरांनी आज सकाळच्या शाळेत शास्त्राच्या तासाला सांगितलेलं: हवेतून आवाज किती वेगानं जातो ते पुस्तकात आहे, सेकंदाला अकराशे फूट, ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, तर ते मला सांगू नका. माळावर जा, दोघं जा, आणि आपला आकडा घेऊन या. वेग ठाऊक नाही, त्याला क्ष म्हणा. क्ष गुणिले वेळ बरोबर अंतर. अंतर मोजता येतं, वेळ मोजता येतो. मग वेळाला पलीकडं पाठवा, तो भागायला बसेल, आणि क्षला एकट्याला एका बाजूला बसवा. "एकटा पडला की बोलतो तो," मास्तर म्हणाले होते, आणि पोरं हसली होती. ज्ञानू हसला नव्हता. मास्तरांच्या या बोलण्यानं त्याला उगीचच कसनुसं झालं होतं. घरी, या खोलीत, भिंतीला टेकून एकजण आदल्या दिवसापासून असाच एका बाजूला बसलेला होता, आणि तो काही बोलत नव्हता.

आबा आले होते. न सांगता, न कळवता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि पायांवर सांगोल्यापासूनची धूळ. "का आलासा?" असं विचारायला ज्ञानूची जीभ उचललीच नव्हती, कारण त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असं वाटत होतं. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आलेली. धनगरवाड्यातलं एवढं शिकलेलं दुसरं पोर नाही. आणि तिकडं कळपामागं आबा आणि चुलतभाऊ धुळा, दोघंच. एक ना एक दिवस आबा येणार, दारात उभे राहणार आणि म्हणणार, चल. एवढा एकच शब्द. इथं आल्यापासून ज्ञानू त्या शब्दाची वाट बघत होता, रात्री उशीला कान लावून, रुळांत लांबची गाडी ऐकावी तसा. आता तो शब्द आबांच्या बसण्यात होता, तंबाखू मळण्यात होता, दर वेळी ज्ञानूनं मान वर केली की आबा आधीच त्याच्या तोंडाकडं बघत असायचे त्या बघण्यात होता. काय बघत होते एवढं? बाजारात बकरं घेणारा बघतो तसं, दात, डोळे, खांदे? आपला माल अजून आपल्या कामाचा आहे का, असं?

"काय रे, आला का क्ष?" कोंडीबानं विचारलं. हा त्याचा खोलीतला जोडीदार, बार्शीकडचा, पालथा पडून पाय हलवत होता.

"आलाय. पर बावीसशे आलाय."

"दुप्पट?" कोंडीबा उठून बसला. "सोलापूरचा आवाज गाडीनं जातोय वाटतं. अरे येड्या, असं करायचं. खाली अकराशे लिहायचं आधी, आणि मग खालनं वर जात वेळ काढायचा. दोन सेकंद. झालं. मास्तर पण खूश, क्ष पण खूश."

"आणि आमी माळावर गेलो ते कशाला?"

"हवा खायला," कोंडीबा म्हणाला, आणि कूस बदलून परत पसरला.

ज्ञानूनं पाटी पुसली आणि पुन्हा मांडलं. क्ष गुणिले एक बरोबर बावीसशे. एकानं भागा. काय भागायचं त्यात? पोरखेळ. चूक असती तर चुकीला धरायला जागा हवी होती, आणि इथं तर बोट ठेवायला फट नव्हती. अंतर खुद्द मास्तरांनी दिलेलं, रुळाकडेच्या तारेच्या खांबांवरून मोजलेलं, या खांबापासून त्या खांबापर्यंत बावीसशे फूट. दोरा मास्तरांच्या मापाचा, त्याला खडा बांधलेला, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की एक सेकंद. तो बाभळीच्या फांदीला टांगला होता त्यानं. आबांना त्यानं त्या दूरच्या खांबाशी नेऊन उभं केलं होतं. "आबा, मी डबा वाजवला की, आवाज आला की, काठी वर करायची. काय?" "व्हय," आबा म्हणाले होते. त्यानं पुन्हा सांगितलं, हातवारे करून, डबा असा, काठी अशी. "व्हय व्हय," आबा म्हणाले होते आणि किंचित हसले होते, आणि ज्ञानूला वाटलं होतं, हसताहेत, पोराच्या शाळेला हसताहेत. मेंढरं टाकून डबे वाजवायला शिकतंय पोरगं.

मग तो पळत परत आला होता, ही एवढी धाप लागलेली. हलत्या खड्याच्या पलीकडं, माळाच्या टोकाला आबा, पांढऱ्या पटक्याचा एक ठिपका. बघता बघता त्याला चमत्कारिक वाटलं. माळ तोच, माणूस तोच, फक्त हाळी मारायची पाळी बदललेली. खडा टोकाला गेला तसा त्यानं हात उंच नेऊन रॉकेलच्या डब्यावर दांडका हाणला. खडा पलीकडं पोचला न पोचला तोच काठी वर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. त्याला तेव्हा आनंदच झाला होता. आबा कसे चलाख आहेत, कान कसे तिखट आहेत, लांडग्याचा पाय पाचोळ्यावर पडला तर उठून बसणारा माणूस तो. एकदा उन्हाळ्याच्या दिवसांत सगळा तळ झोपलेला असताना आबा एकटे काठी घेऊन उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "हाय, वड्यात हाय, उभा हाय." आणि खरंच ओढ्यात लांडगा उभा होता. असा माणूस. त्याच्या हातात एवढी अचूक काठी असताना बावीसशे कसे यावेत?

गिरणीचा भोंगा झाला. सगळी पेठ एकदम हलल्यासारखी झाली. समोरच्या हातमागावरचा धोट्याचा खटखटाट क्षणभर थांबला, कोपऱ्यावरच्या पोरांनी भोंग्याची नक्कल केली, खाली दानम्मानं चुलीपाशी परात आपटली. खानावळीत गिरणीकऱ्यांची पंगत आता बसणार. कोंडीबा जेवणाच्या ओढीनं उठून वहाणा शोधू लागला. आबा तंबाखू मळत होते. अंगठा तळव्यावर फिरत होता, हळू, गोल, एका लयीत. भोंगा एवढा मोठा, खिडकीचा पत्रा थरथरला, आणि तो अंगठा जरासुद्धा अडखळला नाही. माळावरचा माणूस, ज्ञानूच्या मनात आलं, शहराला भीत नाही. आणि हे मनात येतंय न येतंय तोच त्याच्या मागून दुसरं काहीतरी आलं आणि त्याच्या पाठीशी उभं राहिलं. ते काय आहे हे बघायला तो वळला नाही.

त्याऐवजी त्याला सकाळ आठवली. दानम्मा वाढत होती. लिंगायत बाई, मनानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी. "गाव कुठलं म्हणायचं तुमचं?" तिनं आबांना विचारलं. "व्हय, बाई," आबा म्हणाले. दानम्मानं ज्ञानूकडं पाहिलं. "भाकरी आणखी वाढू का पुरे?" "व्हय." "अय्यो, शिवा," दानम्मा हसत सुटली, "गावाचं नाव व्हय, भाकरीचं नाव व्हय. मुलगा एवढा इंग्रजी शिकला आणि बापाकडं एकच शब्द ठेवला की." सगळी पंगत हसली होती. ज्ञानूच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आबाही सगळ्यांबरोबर हसले होते, जरासे मागाहून. तेही आठवलं त्याला, जरासे मागाहून. आणि माळावरून परत येताना तो टांगा. टांगेवाला मागून ओरडत होता, घंटा वाजवत होता, आणि आबा रस्त्याच्या मधोमध आपल्या चालीनं चालले होते. ज्ञानूनं दंड धरून बाजूला ओढलं तेव्हा टांगेवाला म्हणाला होता, "ओ बाबा, सडक क्या तुमारे मेंढियां की है?" ज्ञानू मेल्याहून मेला झाला होता. खेडवळ, त्यानं मनात म्हटलं होतं. हा शब्द त्यानं बापाला, बापाचा दंड हातात असताना, म्हटला होता. दंड केवढासा राहिला होता, घोंगड्याखाली, हिवरीच्या बारीक फोकासारखा.

पाटीवर क्ष बसला होता, एकटा, एका बाजूला. ज्ञानूनं पेन्सिल उचलली आणि काहीच लिहिलं नाही. त्यानं उलटं बघायला घेतलं, कोंडीबा म्हणाला तसं, खालून वर. समज, पुस्तक खरं. समज, आवाज सेकंदाला अकराशेच फूट चालतो, आबांसाठी काही तो पळत सुटत नाही. मग खडा एकदा या टोकाहून त्या टोकाला गेला तेव्हा आवाज कुठं होता? माळाच्या निम्म्यावर. त्या वाळलेल्या ओघळापाशी, जिथं कोणी नव्हतं. आवाज अजून वाटेतच होता, हुंगत, थबकत, आपल्या पायांनी चालत, आणि आबांची काठी वर गेली होती. आबांनी ओ दिली होती, हाक पोचायच्या आधी.

मग ओ दिली कशाला? उचललेल्या हाताला. पोराच्या उंच गेलेल्या हाताला, उन्हात चमकलेल्या डब्याला.

समीकरणात ज्या पदावर त्याचा सगळ्यांत जास्त भरवसा होता, जे तपासायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं, ते पद समोर भिंतीला टेकून बसलं होतं आणि तंबाखू मळत होतं. त्यानं मान वर केली. जागा रिकामी होती. आबा केव्हा उठून गेले ते त्याला कळलंच नव्हतं. घोंगडं तेवढं घडी घालून ठेवलेलं होतं. कोंडीबा दारातून म्हणाला, "म्हातारबा माळवदावर गेल्यात. जेवायला बोलाव त्यास्नी, न्हाईतर दानम्मा आमटीत पाणी घालंल." आणि जिना उतरून गेला.

ज्ञानू शिडीशी आला. एकेक पावंडा चढताना त्याच्या डोक्यात हिशेब वाकडेतिकडे पळत होते. असं असेल तर कळपाचं कसं? लांडगा, लहान कोकराचं ओरडणं, वाट चुकलेल्या मेंढीच्या गळ्यातली घाटी, कसं कळत असेल? कळत नसणार. म्हणून आलेत. म्हणजे चल म्हणायलाच आलेत, आणि आता तर त्या चलला नाही म्हणायची सोयच राहिली नाही. कालपर्यंत तो मनातल्या मनात भांडत होता, मला माझं शिकू द्या म्हणत होता. बहिऱ्या बापाशी भांडायचं कसं? क्षणभर त्याला आबांचा राग आला, लख्ख राग, आणि त्या रागाची इतकी लाज वाटली की तो शिडीवर तसाच थांबला. कदाचित तसं नसेलही. कदाचित काठी उगीच हलली असेल. टांगेवाल्याकडं मुद्दाम लक्ष दिलं नसेल, मेंढके लोक ताठ असतात. आबांना ऐकू येतं, चांगलं येतं, आणि तो क्ष आपल्याच कुठल्यातरी गाढवपणानं बिघडलाय. असं असू दे, तो कुणालातरी म्हणाला. परीक्षेत हे उदाहरण चुकू दे.

त्यानं माळवदावर डोकं काढलं. ऊन उतरलं होतं. घराघरांच्या चुलींचा धूर छपरांवर तरंगत होता आणि त्याच्यापलीकडं गिरणीचं धुराडं उभं होतं. आबा त्याच्याकडं पाठ करून कठड्याशी बसले होते, काठी मांडीवर आडवी. पलीकडच्या माळवदावर शेजारीण नीलम्मा वाळवणाच्या मिरच्या गोळा करत होती.

"आबा," ज्ञानू म्हणाला.

पटका हलला नाही. बरोबरच आहे, ज्ञानूला वाटलं. पहिली सोडायची असते. माळावरचा माणूस पहिलीला ओ देत नाही. त्यानं शिडीच्या लाकडाला घट्ट धरलं.

"आबा."

ही मोठी होती. नीलम्मानं मिरच्यांतून वर पाहिलं. पटका तसाच. दुसरीही सोडायची असते. आबांनीच शिकवलंय. ते आपलं शिकवलेलं पाळताहेत, मनात हसत असतील, बघू पोरगं विसरलंय का. ज्ञानू पुरता माळवदावर आला, उभा राहिला. एवढ्या लहानशा जागेत, तीन पावलांवर बसलेल्या माणसासाठी त्यानं हात तोंडाशी नेला, मान मागं टाकली आणि हाळी मारली. अख्खा माळ ओलांडणारी हाळी. इतकी वर्षं शहरात राहून ती गेली नव्हती, छातीच्या तळाशी जशीच्या तशी होती.

"आबाऽऽ..."

नीलम्माच्या हातून सूप निसटलं. खालून दानम्मा ओरडली, "काय झालं रे?" समोरच्या छपरावरची कबुतरं एकदम उडाली आणि धुरातून गोल फिरली. आबांनी कबुतरांकडं पाहिलं. ती कशाला उडाली असतील म्हणून इकडंतिकडं पाहिलं. आणि मग, त्यांच्या उडण्याचा माग काढत, हळूहळू मागं वळले.

ज्ञानूचा हात अजून तोंडाशीच होता.

आबा त्याच्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी चोरी पकडल्यासारखा झाला, आणि मग सैल पडला, ओझं उतरवलेल्या बैलासारखा.

"किती मारल्यास?" त्यांनी विचारलं.

ज्ञानूनं तीन बोटं वर केली.

"तीन?" आबांनी मान डोलावली. "मंग माणसाचीच म्हणायची." ते जरा सरकले, पोराला बसायला जागा केली. ज्ञानू त्यांच्यासमोर उकिडवा बसला. आबांनी तळहातानं मांडीवरची काठी पुसली, नसलेली धूळ. "ऐकू येत न्हाय रं मला, ज्ञानू. मागल्या पावसाळ्यापासनं कमी कमी हुतं, आता तर पार गेलं. आत्ताआत्तापातूर कुणाला सांगितलं न्हाय. म्हणलं, डोळं हायत की. डोळ्यावर निभावतंय. सकाळी माळावर बी निभावलंच की." हसायला गेले, पण हसू आलं नाही. "परवा लांडग्यानं माज्या पाठीमागनं कोकरू नेलं. ह्या इतक्या जवळनं. कुत्री लई भुकत हुती म्हणं. धुळानं सांगितलं, हात करून. मंग तुजी आय म्हणली, जावा, पोराला घिऊन या. आलो. आन तुजं त्वांड बगत बसलो. म्हणायचं काय, एक शबुद तर म्हणायचा. पर त्यो काय तोंडातनं भाईर येईना."

गिरणीतून सुटलेली माणसं खाली गल्लीत येत होती, कुणी तेलुगूत, कुणी मराठीत बोलत. आबा त्याच्या ओठांकडं बघत होते. काल आल्यापासून ते हेच बघत होते, हे ज्ञानूला आता कळलं. त्यांनी ना त्याचे दात पाहिले होते, ना खांदे. माळाच्या टोकाला उभा राहून माणूस पलीकडचा पटका कलतो का बघतो, तसं ते त्याचे ओठ बघत होते. आता ओरडून सांगता आलं असतं, बहिऱ्याशी ओरडूनच बोलतात. खोटंही सांगता आलं असतं, येतो म्हणून, आणि ते खोटं या माणसाला अख्खं ऐकू आलं असतं. ज्ञानूचा घसा हाळीनं खरवडला होता. तो ओरडला नाही. स्वतःलाही धड ऐकू येऊ नये इतक्या हळू, पण तोंड पुरतं उघडून, एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला,

"आबा, मला मेंढरांमागं यायचं न्हाय. मला हितंच ऱ्हायचंय."

या वेळी आबा व्हय म्हणाले नाहीत. त्यांचे डोळे त्याच्या तोंडावर थोडा वेळ तसेच राहिले, शब्द संपल्यावरही, जणू मागून आणखी काही यायचं असावं. मग त्यांनी मांडीवरची काठी उचलली, आणि ती सकाळी माळावर केली होती तशी, पटक्याच्या वर, सरळ उभी केली.